बांगड्या वाहणारी घोडी

माझी लेक स्पॅनिश शिकते. परवा तिनं सांगितलं, की लॅटिनमध्ये घोड्याला दोन शब्द होते. 'एक्वुस' म्हणजे मानाचा घोडा, सरदारांचा. 'काबाल्लुस' म्हणजे ओझी वाहणारं तट्टू. हा शब्द मुळात आला कुठून, ते पंडितांनाही नक्की ठाऊक नाही. पण लोकांच्या तोंडी काबाल्लुसच बसला. स्पॅनिशमध्ये घोड्याला म्हणतात ते त्याच्यावरून, आणि सभ्य गृहस्थाला म्हणतात तेही त्याच्यावरूनच.

मला बाबांची घोडी आठवली.

बाबा कासार. औंढा, शिरड शहापूर, आसपासचे सगळे बाजार ते तिच्या पाठीवर बांगड्यांचे पेटारे लादून करायचे. ठेंगणी, तांबूस, पोट सुटलेली. चाल मात्र अशी, की ओढ्यातल्या दगडधोंड्यांवरूनही काचेची बांगडी तडकत नसे. घरातली पहिली भाकरी तिची, आम्ही भावंडं नंतर.

माझ्या लग्नात परण्या निघायचा होता. म्हणजे लग्न लागण्याआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, तो. घोडा आमच्याकडून होता. बाबांनी घोडीला न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, पाठीवर आईची ठेवणीतली शाल टाकली. नवरदेवाचे मामा तिला बघून म्हणाले, "हे तर तट्टू हाय! नवरदेवाचे पाय जमिनीला लागतील की."

मांडव हसला. बाबाही हसले. मग हिंगोलीहून भाड्याचा पांढरा घोडा आला आणि ताशा ऐकून सारखा बिचकत राहिला. मी हळदीच्या अंगानं खिडकीत उभी होते. मांडवामागे बाबा शालीची घडी घालत होते, आणि घोडी मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. मामा आता हयात नाहीत, पण माझा राग आहे तिथंच आहे.

परवा लेकीचं बोलणं संपताच मी बाबांना फोन लावला. ते आता फार थकलेत, दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं.

"म्हंजी तट्टूच टिकलं?"

"हो बाबा. मानाच्या घोड्याचं नाव मागं पडलं."

त्यांना बरं वाटलं असणार, म्हणून मी खुशीत होते.

"मला काहून सांगतीस, बाई?" ते म्हणाले. "म्या तिला तट्टू कधी म्हणलंच न्हाई. पर त्या दिवशी ते तिच्यासमोर बोलले. तिनं ऐकलं व्हतं."