चिमणीकडे बघून चालणं

अकरावी सायन्सला मी तिरोड्याच्या कॉलेजात होते आणि व्हेक्टरनी माझं डोकं उठवलं होतं. नदी सरळ पार करायची तर होडीचं तोंड समोरच्या घाटाकडे ठेवायचं नाही, प्रवाहाच्या उलट तिरपं ठेवायचं, असं सर सांगायचे. बाण मी काढायची, उत्तरही जुळायचं, पण पटायचं नाही. जायचं एकीकडे आणि तोंड भलतीकडे, हा कुठला शहाणपणा? आर्ट्सला जायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

त्याच साली बाबांना लकवा मारला. डावी बाजू लुळी पडली. पुढे ते काठी धरून उभे राहू लागले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की रोज फाटकापर्यंत चालायचंच, नाहीतर आलेली ताकदही जाईल. बाबा फाटकाच्या दिशेने निघायचे, मग नजर पायांवर, आणि डावीकडे सरकत सरकत गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकायचे. भातखाचराच्या अरुंद बांधावरून, आमच्याकडच्या धुऱ्यावरून, डोक्यावर धानाचे भारे नेलेला माणूस, त्याला स्वतःचं अंगण सरळ ओलांडता येईना. धरायला गेलं की हात झटकायचे. आमच्या घरात संताप वारशाने येतो. एका सकाळी त्यांनी काठी फेकली आणि खाटेवर बसले ते बसलेच. मला फार भीती वाटली.

सारवलेल्या अंगणात काठीचे ठिपके उमटले होते. खाटेपासून गोठ्यापर्यंत, तिरपे, पण अगदी एका रेषेत. मी बघतच राहिले. बाबा भरकटत नव्हतेच. ते फाटकाकडेच चालत होते आणि पाऊलभर पुढे गेले की थोडे डावीकडे ओढले जात होते. नदीत होडी ओढली जाते तसे.

मी काठी उचलून त्यांच्या हातात दिली. फाटकाच्या उजवीकडे, दूर शेतांपलीकडे थर्मल वीजकेंद्राची चिमणी दिसते.

"बाबा, फाटकाकडं नोका पाहू. चिमणीकडं पाहून चाला."

"जाचं फाटकाले अन् पाहाचं चिमणीले? कायले?"

माझं डोकं फिरलंय असं त्यांचं मत पडलं, पण उठले. मान वर करून चिमणीकडे निघाले आणि फाटकाला जाऊन लागले. फाटकाची सळई धरून ते कितीतरी वेळ उभे होते. मी रडले. आर्ट्सचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

बारावीनंतर फिजिक्स घेऊन मी नागपूरला निघाले. ऑटो बाहेर उभा होता, मी फाटकात. मला निरोप द्यायला बाबा खाटेवरून आपले आपण उठले, पण माझ्याकडे एकदाही बघेनात. मान वर, डोळे चिमणीवर. पोरगी चालली, तिच्याकडे तर बघा, असं आई डोळे पुसत म्हणाली.

"तिच्याकडं पाहीन तं तिच्यापाशी पोचीन कसा?" बाबा म्हणाले, आणि चिमणीकडे बघत सरळ माझ्यापाशी आले.