मामा उठले!

आमच्या हिच्या मामांइतका वेळ एका मांडीवर बसणारा माणूस साऱ्या पुणे जिल्ह्यात नसेल, आणि अशा माणसाला मी नगर रोडवर उभ्याने नाचवलं. मामांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता, अगदी सुरुवातीचा. पुण्याला रोज नेमकी त्या गाठीवर किरणं सोडायची होती. 'आधी भरपूर पाणी प्या अन् लघवी धरून ठेवा,' असं डॉक्टर म्हणाले होते. आधी म्हणजे दवाखान्यात पोचल्यावर! मी त्यांच्या गावी, न्हावऱ्यातच तांब्याभर पाजलं. रांजणगावला कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, पुढं बसगाड्यांची रांग. "जावईबापू, धरान भरलंय, दारं उघडायची का न्हाई?" मामा ओरडले आणि गाडीतून उतरून जागच्या जागी थयथय नाचू लागले.

एरवी सोयरिकीच्या बैठकीत मामा बसले की बसले. दोन्हीकडची माणसं गुडघे चोळत, चहाच्या निमित्तानं बाहेर जाऊन येत. मामा मात्र सतरंजीला शिवल्यासारखे. "मधनं उठला त्यो मध्यस्थ कसला?" असं म्हणायचे. आजारही त्यांनी लपवला नाही. पारावर बसून समजावायचे, "फवारा तणावरच हाय, उसाला धक्का न्हाई. पर वारं सुटलं की चार थेंब बांधावर जायाचंच!" ते चार थेंब म्हणजे लघवीची जळजळ, दुपारीच येणारं गळाठणं आणि दर अर्ध्या तासाला उठणं.

किरणं संपली, उठणं काही संपेना. आणि नेमकी तेव्हाच आमच्या थोरलीची बैठक दौंडला ठरली. मामा नाहीच म्हणाले. "बैठकीत सारखं उठून मी माझी अब्रू घालवू व्हय?" ही त्यांच्या उंबऱ्यावरच बसली. "तुम्ही न्हाई, तर बैठक न्हाई." मामा आले.

पोरीचा नर्सिंगचा कोर्स अर्धा झालेला, तो पुरा व्हावा एवढंच आमचं मागणं. मुलाचे वडील, आप्पा, म्हणाले, "शिक्षणाचं लग्नानंतर बघू की." आणि मामा ताडकन उठले!

सगळी बैठक हादरली. न उठणारा माणूस उठला म्हणजे सोयरीक मोडलीच! आप्पांनी टोपी सावरली. "अहो मामा, बसा! शिकू द्या पोरीला!" मामा "आलोच" म्हणत बाहेर. परत येऊन धोतराला हात पुसत विचारतात, "कुठवर आलं?" पुढं लग्न त्यांच्या दौंडला की आमच्या शिरूरला यावर गाडं अडलं. मामा पुन्हा उठले. आप्पांनी शिरूर मान्य केलं, शिवाय स्वतः दारात आडवे उभे राहिले. "आता काय ऱ्हायलं, मामा?"

"वाट सोडा, आप्पा!" मामा कळवळून ओरडले.

सुपारी फुटली. येताना मी गाडीत हसून हसून बेजार. मामा मात्र काचेला डोकं टेकून लहान पोरासारखे झोपलेले. त्यांना न्हावऱ्याला सोडलं, तेव्हा कुठं ही बोलली.

"धाकटीची बैठक आपल्याच घरी ठेवू. मामांना लांब जायला नको."

"अगं, ती पाचवीत आहे!"

"मग? तवर मामांनी ऱ्हायला नको का?"