बोटांची सूज उतरली तेव्हा

आमचे आप्पा न्हावी. दुकानात दोन खुर्च्या, त्यातली एक कायम रिकामी, कारण दुसऱ्या कारागिराशी त्यांचं आठवडाभरही पटायचं नाही. टकलू गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "या, तुमचे केस कापायचे नाहीत, शोधायचे आहेत." तेच गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात हसत पुन्हा यायचं.

पासष्टी उलटली आणि त्यांची बोटं सुजली. पेरं अशी टरारली की कात्रीच्या कडीत अंगठा जाईना. एका सकाळी मी, त्यांची मुलगी, डबा द्यायला गेले तर आप्पा कात्री समोर ठेवून नुसते बसलेले. एवढा बोलघेवडा माणूस, दारातलं गिऱ्हाईक हातानेच परत पाठवत होता.

मी वीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, "घरात तू असताना डॉक्टर कशाला?" ते ऐकून मी फुगले, हे आधीच कबूल करते. संध्याकाळी सुजेवरच्या गोळ्या घेऊन आले.

"ही गोळी करते काय?" त्यांनी विचारलं.

"अंगात कुठे बिघाड झाला की तिथल्या पेशी निरोपे सोडतात. प्रोस्टाग्लँडिन म्हणतात त्यांना. ते बोंब ठोकतात, इकडे रक्त धाडा, सूज आणा, दुखतंय म्हणून वर कळवा. हे निरोपे तयार करायचं कामच ही गोळी अडवते."

"म्हणजे चहाड्या बंद!" आप्पा खूश झाले.

चार दिवसांत कात्री पुन्हा चालू लागली. रोज दोन गोळ्या, असे चार महिने गेले.

त्याच निरोप्यांपैकी काही पोटात राखणीला असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. आतल्या अस्तराला आम्लापासून तेच जपतात, आणि गोळी बोटातला कोण, पोटातला कोण, असा भेद करत नाही. मला हे पाठ होतं हो! गिऱ्हाइकांना रोज बजावायची, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्त दिवस घेऊ नका. बापाला मात्र एका शब्दाने बोलले नाही. ते पुन्हा थट्टा करायला लागले होते, मला तेवढंच दिसत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडायला लागला. जिना चढताना मध्येच थांबायचे. रक्त कमी झालंय म्हणून मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आठवड्याने ते जरा लाजतच म्हणाले, "अगं, शौचाला काळं होतंय. डांबरासारखं."

मी इस्त्री करत होते. मान वर न करता मीच म्हणाले, "लोहाच्या गोळीने होतं तसं. काळजी करू नका."

होतंही तसं, खोटं नाही. पण पोटात जखम होऊन रक्त वाहत असलं तरीही तसंच होतं. आणि मुळात रक्त जात कुठे होतं, हा प्रश्न मला, वीस वर्षं काउंटरवर काढलेल्या जाणकार बाईला, पडलाच नाही.

महिन्याभराने ते दुकानात कोसळले. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी व्हायची होती. त्यानेच रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं.

मी पोहोचले तेव्हा डॉक्टर विचारत होत्या, "बाबा, शौचाला काळं किती दिवसांपासून होतंय?"

"झाला महिना. पण त्याचं काही नाही." आवाज पार खोल गेला होता, तरी त्यात तोरा होता. "लोहाच्या गोळीने होतं तसं. ही बघा, माझी मुलगी. औषधातलं हिला सगळं कळतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

रक्त चढवलं, पण फार उशीर झाला होता. आप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्यांना खरं सांगायला माझ्या हातात अख्खी एक संध्याकाळ होती. ते शेजारच्या पेशंटला माझं कौतुक सांगत होते. मी ऐकत बसले.