दौलतराव सरांनी पाळलेली चूक

अनसिंगात दौलतराव सरांचं घर विचारा, लोक फळा सांगतात. सर इंग्रजीचे. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण ओट्याच्या भिंतीवरचा फळा काही रिटायर झाला नाही. रोज सकाळी चहाआधी त्यावर एक वाक्य, क्रियापदाची जागा रिकामी. खाली खडू. जाता-येता पोरांनी जागा भरायची. चुकलं तर सर हात लावणार नाहीत. ज्यानं लिहिलं त्यानंच येऊन पुसायचं, समजून घ्यायचं, मगच नवं वाक्य. या नियमापायी रुख्मिणीबाईंनी किती पोरांना चहा पाजला असेल!

पुढे रुख्मिणीबाई वारल्या, लेक सपना पुण्याला गेली आणि पोरं मोबाइलात गेली. दोन वर्षं सर आपलंच वाक्य संध्याकाळी आपणच भरत होते. उत्तर रोज बरोबर. सांगणार कोणाला?

मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला. 'हॅविंग लॉक्ड द स्कूल, द टीचर ____ होम.' शाळेला कुलूप लावून मास्तर घरी गेला. रिकाम्या जागेत कोणीतरी वाकड्या अक्षरात 'गो' लिहून ठेवलेलं. काम उरकलेलं, मास्तर एकटा. तिथे 'वेन्ट' पाहिजे. साफ चूक! सरांनी घाईनं दाढी केली, दुसरी खुर्ची पुसून ओट्यावर मांडली, दुधाचं एक पाकीट जास्त आणलं.

कोणी आलं नाही. आठवडा गेला. फळा तसाच अडकलेला.

समोरच्या सोनीबाईला राहवतं थोडंच! "सर, लोक कुत्रं पाळतात, तुमी चूक पाळून राह्यले काय?"

"येईन तो पुसाले."

"कोन येते? लिवून पळालं असन कोनी. पुसा आता, लोक म्हणतीन सरच इंग्रजी भुलले!"

सर हसले, पण पुसलं नाही.

रात्री सपनाचा फोन. "बाबा, रविवारी गाडी घेऊन येऊ काय? कायले एकटे राह्यता तिथं?"

"आता नको, माय. एक लेकरू याचं राह्यलं हाय."

"कोणाचं?"

सरांना ते कुठे ठाऊक होतं! "माह्या वर्गातलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बाराव्या दिवशी सकाळी पाहतात तर रात्रीच्या भुरभुर पावसानं 'गो' पुसट झालेला, अर्धा तर दिसेचना. सरांनी रस्ता दोन्हीकडे न्याहाळला. खडू उचलला. आणि ते चुकलेलं अक्षर, होतं तसंच वाकडं, सावकाश गिरवून ठळक केलं.

मग दुसरी खुर्ची जरा सावलीत सरकवली.