तीर्थामुळे लांबलेलं ऑपरेशन

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि पेनाच्या टोकाने माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मागचा, मधोमध बसलेला एक पांढुरका गोळा दाखवला. म्हणाले, "पिट्युटरी अ‍ॅडिनोमा. कैंसर नहीं है। लेकिन निकालना पड़ेगा, और जल्दी।" मी 'कैंसर' एवढंच ऐकलं. 'नहीं है' हे आमच्या ह्यांनी मला बाहेर बाकावर बसवून चार वेळा सांगितलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. अ‍ॅडिनोमा म्हणजे तिच्यावर वाढलेली साधी गाठ. साधी म्हणे! डोळ्यांच्या दोन्ही नसा जिथे एकमेकींना भेटतात तिथेच ती ठाण मांडून बसली होती आणि त्यांना खालून रेटत होती. आणखी वेळ गेला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी अगदी शांतपणे सांगितलं.

हे लिहितेय ते अशासाठी, की तुमच्यापैकी कुणाला हळूहळू कडेचं दिसेनासं झालं, तर माझ्यासारखा चष्म्याचा नंबर बदलत बसू नका. मी दोनदा बदलला. दूधविनायकच्या आमच्या गलीत मी गाईंना धडकायला लागले. आता काशीत गाय माणसाला धडकते, यात नवल नाही; पण माणूस उभ्या गाईला धडकतो म्हणजे काय? पंगतीत कडेला बसलेल्यांना मी भात वाढायला विसरे. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे वहिनी, म्हणाल्या, "वैजे, रिटायर काय झालीस, माणसं दिसेनाशी झाली होय गं?" सगळे हसले, मीही हसले. मग एकदा एक स्कूटर कानाला वारा घालून गेली, ती मला दिसलीच नव्हती, आणि तेव्हा हसू आटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पेरिमेट्री नावाची तपासणी केली. एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे दिवा लुकलुकला की बटन दाबायचं. मी बटन धरून बसले होते. बराच वेळ काही लागेचना. मला वाटलं मशीन बिघडलं. टेक्निशियन रिपोर्ट आणायला आत गेला. दोन्ही बाजूंच्या निम्म्या नजरेवर काळा रंग होता.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेलं, पूजाअर्चा करणारं मराठी घर. मी मात्र मिशनच्या शाळेत संस्कृत शिकवायला लागले, रोज सकाळची प्रार्थना ऐकत गेले, आणि ऐकता ऐकता येशू माझा झाला. कुणी शिकवलं नाही, कुणी भुलवलं नाही. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, मनात कुणाला ठेवायचं ते ठेव, देवघरात भांडण नको. वहिनी महिनाभर बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या." इतक्यावर मिटलं. कॅन्टोन्मेंटच्या बाजूच्या एका चर्चमध्ये मी कधीमधी रविवारी जाई, शेवटच्या बाकावर बसे. बाप्तिस्मा घेतला नाही. पास्टरसाहेब विचारत, तेव्हा मी ताठ्याने सांगायची की माझा आणि त्याचा सरळ व्यवहार आहे, मध्ये कमिटी कशाला?

हा ताठा एमआरआयच्या दिवशी दवाखान्यातल्या त्या बाकावरच मोडला. काशीत अवघा देश मरायला येतो, आणि मी इथलीच असून मला मरायला जागा नव्हती. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर नेलं तर ते माझं नाही, आणि दफनभूमीत बाप्तिस्मा नसलेल्या बाईला कोण घेणार? ह्यांनी विचारलं, "काही झालंच तर काय करू ते सांग, मी तसंच करीन." किती भला माणूस! आणि मला सांगता येईना. मी रडले आणि वर त्यांच्यावरच चिडले, की असलं अभद्र विचारतात कशाला.

दुसऱ्या दिवशी मी पास्टरसाहेबांना फोन करून बाप्तिस्मा मागितला. ऑपरेशनच्या आधी, घरी, जमेल तसा. ते म्हणाले, आपल्या राज्यात आता धर्म बदलायचा तर आधी सरकारला कळवावं लागतं, मुदत असते, चौकशी होते. शिवाय चर्चचीही तयारी असते, वर्ग असतात. आणि शेवटी अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "दीदी, डर के मारे मत लीजिए। ठीक होकर लीजिए।" ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. ठीक झाले नाही तर काय, हे मी विचारलं नाही.

ऑपरेशन नाकातून, दुर्बिणीने करणार होते. डोकं उघडणार नाहीत हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं, मला नाही. आदल्या संध्याकाळी सिस्टरने सांगितलं, 'निल बाय माउथ', म्हणजे तोंडाने काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मी म्हटलं, बाई, निर्जळी एकादशा केलेल्या घरातली मी, मला काय शिकवता?

आणि तिथेच घात झाला. सकाळी वहिनी आल्या. पहाटे पंचगंगा घाटावर जाऊन स्नान करून, घरच्या बाळकृष्णाला माझ्या नावाने अभिषेक करून, चांदीच्या फुलपात्रात तीर्थ घेऊन आल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या घाटाच्या पायऱ्या उतरत नाहीत, त्या उतरून आल्या होत्या. माझ्यापुढे पळी धरली. मी ओंजळ पुढे केली. का केली? माझी श्रद्धा डळमळली म्हणून नव्हे. पुढे आलेला तो हात माझ्या जाऊबाईचा होता. मी तीन पळ्या घेतल्या, हात डोळ्यांना लावला. वहिनींनी ओली बोटं माझ्या केसांवरून फिरवली.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही खाल्लं, प्यायलं? मी म्हटलं, नाही. देवाशप्पथ खोटं बोलले नाही. आमच्याकडे तीर्थाने उपास मोडत नाही, मग ते पोटात गेलं असं मोजणार तरी कोण? ट्रॉली आली तेव्हा वहिनींनीच सिस्टरला अभिमानाने सांगितलं, "चिंता मत करो बेटी, तीर्थ दे दिया है।" सिस्टरने विचारलं, कसलं? वहिनी म्हणाल्या, पंचामृताचं, दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं शुद्ध!

डॉक्टरीणबाई परत आल्या. भुलीत पोटातलं उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं, त्याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात आणि त्याने माणूस जातो, असं त्यांनी समजावून सांगितलं. ऑपरेशन रद्द. पुढची जागा आठवड्याने. सर्जन आले, माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं आणि एकच वाक्य बोलले, "माताजी, आँख का मामला है।" वहिनी भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. रोज उठले की मी स्वयंपाकघरात मांडणीसमोर उभी राही. मधल्या पितळी डब्यावर नजर रोखायची आणि कडेची किती भांडी दिसतात ते बघायचं. कधी वाटे कालपेक्षा एक कमी दिसतंय, कधी वाटे तेवढीच आहेत. दिवसातून दहादा बघे आणि दहादा जीव खाली-वर होई. ह्यांनी वैतागून मांडणीवर चादर टाकली. मग मी भिंतीवरच्या खुंट्या बघायला लागले.

पास्टरसाहेब भेटायला आले. तीर्थाची गोष्ट शाळेतल्या कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेली होती. रागावले नाहीत, पण विचारल्याशिवाय राहिलेही नाहीत. "दीदी, उधर तीर्थ भी, इधर बपतिस्मा भी?" माझी स्थिती न घर की, न घाट की झाली होती. ते गेल्यावर वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे तुझे डोळे गेले तर मी जगायची नाही." मी काय सांत्वन करणार? माझाच जीव टांगणीला लागलेला. मी नुसतं म्हटलं, "वहिनी, पाणी आणा." आणि त्या आणायला गेल्या.

दुसऱ्या खेपेला वहिनी रिकाम्या हातांनी आल्या. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर ट्रॉली थांबवून ठेवली होती, आतली तयारी चालू होती. वर पांढरं छत, कडेला माझ्यासाठी कुणीच नाही, कारण कडेचं मला दिसतच नव्हतं. मी प्रार्थना म्हणायला लागले. प्रभूने शिकवलेली, इतकी वर्षं रोज म्हटलेली. आणि पहिल्या ओळीनंतर काही येईना. पाटी कोरी. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. माझा आणि त्याचा सरळ व्यवहार म्हणत होते ना मी? त्या क्षणी मला इतकं एकटं वाटलं, की मी मोठ्याने म्हणाले, "वहिनी, मला आठवत नाहीये."

वहिनी जवळ आल्या. माझा हात धरला आणि पुढची ओळ त्यांनी म्हटली. मग त्याच्या पुढची. रोजच्या भाकरीची, क्षमेची, सगळी, एक शब्द न चुकता, त्यांच्या त्या पोथी वाचायच्या हेलात. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "तुझी-माझी चूल एका भिंतीला. रोज सकाळी कणीक मळताना म्हणतेस. मला काय कान नाहीत?" शेवटी आमेन म्हणायचं असतं, ते त्या म्हणाल्या नाहीत. हात जोडून म्हणाल्या, "सांभाळ रे बाबा हिला." मग दार उघडलं आणि मला आत नेलं.

शुद्ध आली तेव्हा नाकात बोळे होते आणि तोंड कोरडं ठाक. ज्यांना ही वाट चालायची आहे त्यांना सांगते, ते बोळे म्हणजे खरी परीक्षा. तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घाबरायला होतं, पण गुदमरत नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका, नाक शिंकरू नका, खाली वाकू नका. तहान फार लागते आणि लघवी मोजत राहतात, कारण या ग्रंथीकडेच शरीरातल्या पाण्याचा कारभार असतो. ओल्या कापसाने वहिनी माझे ओठ पुसत होत्या, दरवेळी सिस्टरला विचारून. बोळे काढल्यावर मी मान न वळवता उजवीकडचं दार पाहिलं. दाराशी बसलेले हे पाहिले. ते डुलक्या घेत होते. मी हाक मारली नाही, नुसती बघत राहिले आणि पोटभर रडले.

नजर बरीचशी परत आली. डाव्या बाजूला वरचा कोपरा अजून धुरकट आहे. डॉक्टर म्हणतात, एवढं राहील. राहू दे. दर काही महिन्यांनी एमआरआय आहे आणि त्याच्या आधीचे चार दिवस मी घरातल्यांना नकोशी होते.

मागच्या पंधरवड्यात पास्टरसाहेब घरी आले. म्हणाले, आता तब्येत चांगली आहे, कमिटीशी बोललोय, रीतसर अर्ज करू, वर्ग सुरू करू. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? एकटीने विश्वास ठेवता येतो, पण घाबरल्यावर एकटीने प्रार्थना म्हणता येत नाही, हे मी ट्रॉलीवर शिकले होते. मला आता माणसं हवी आहेत. मग त्यांनी अगदी मायेने सांगितलं, की तीर्थबीर्थ मात्र सोडावं लागेल.

वहिनी तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवून जायला निघाल्या, तर मी त्यांचा पदर धरून ठेवला. पास्टरसाहेबांना म्हटलं, "मला प्रार्थना येईनाशी झाली, तेव्हा यांनी माझ्यासाठी म्हटली. यांचा हात पुढे आला तर मी परतवणार नाही. अशी बाई तुमच्या चर्चला चालते का, ते कमिटीला विचारून सांगा."

ते वहिनींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोचना पड़ेगा, दीदी।"

मी म्हटलं, सावकाश विचार करा. मला आता घाई नाही.