माहेरचे डोळे

दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते साल काही मला आठवत नाही, पण तुंगार्लीच्या आमच्या घरात तेव्हा वीज नव्हती आणि मी नुकती साडी नेसायला लागले होते, एवढं पक्कं. दादा माझा थोरला भाऊ. विशीतच त्याच्या दोन्ही डोळ्यांतली भिंगं बिघडली. देहूरोडच्या डेपोत नोकरी लागत होती, ती डोळ्यांपायी अडली. ऐकूही जरा कमीच यायचं, पण तो आम्ही त्याचा आळस समजायचो.

पुण्याच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर आम्ही तिघी गेलो. आई, मी आणि आत्या. आत्या वडिलांची बहीण, विधवा, आमच्यातच राहायची. तिच्या तोंडाला आई फार भ्यायची. डॉक्टरांनी दादाची लघवी तपासली, तर तिच्यात रक्त निघालं. त्यांनी आईला विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे का? डोळ्यांचं, कानांचं, लघवीचं?"

आईनं हळूच आत्याकडं पाहिलं. "न्हाई बा. कुणालाच न्हाई."

मामा मी जन्मायच्या आधीच अंग सुजून गेला, एवढंच मी ऐकून होते. नणंदेसमोर माहेरची खोट कबूल करायची म्हणजे जन्माचे टोमणे. आमच्याकडच्या बायका उपाशी राहतील, पण माहेराला उणं येऊ द्यायच्या नाहीत.

एका डोळ्यातलं भिंग काढलं. तेव्हाचं ऑपरेशन आजच्यासारखं नव्हतं हो, की सकाळी गेलं नि दुपारी चहाला घरी! दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, नि उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, हसायचं नाही, टाके तुटतील. मी चमच्यानं पेज भरवायची. आणि आत्या? तिला गप्प बसवेल असा डॉक्टर अजून जन्मायचा होता. शेजारच्या खाटेवरचे आबा घोरायला लागले की म्हणायची, "बघ रं, खंडाळ्याच्या घाटात इंजान चढतंय!" दादा ओठ घट्ट मिटून घ्यायचा नि मी त्याचं कपाळ धरायची. "आत्या, हसवू नकोस ना!" "मी कुटं हसवतीया? मी तर इंजानाचं सांगतीया!" तेवढ्या त्या दिवसांत आम्ही जितके जवळ बसलो, तितके पुढं कधी बसलो नाही.

पण मग दादाचं तोंड सुजलं. पहिल्यांदा वाटलं पट्टीमुळं असेल. मग पाय सुजले, लघवी जवळजवळ थांबली. जखमेत पू होऊ नये म्हणून रोज सुई देत होते, ती आणायला नर्स वळली, आणि आई एकदम उठली.

"थांबा बाई, डॉक्टरला बोलवा. माझा भाऊ असाच गेला. आधी डोळे, मग कान, मग अंग सुजून. आमच्या मामाचंबी तसंच झालतं."

बोलली नि खाली बसली, पदरात तोंड घालून. डॉक्टर आले, रागावले. ती सुई दादाच्या किडनीला झेपणारी नव्हती, ती बंद केली. जेवण अळणी, पाणी मोजून. आम्ही सगळे त्या लघवीच्या भांड्याकडं देवाकडं बघावं तसं बघायचो.

आईनं वर पाहिलं ते आत्याच्या भीतीनं. "वन्सं..."

"मला काय ठावं न्हवतं व्हय, वैनी?" आत्या म्हणाली. "लगनात तुमचा भाऊ अक्षता टाकाया उभा राह्यला, नि सगळ्या माझ्याच डोसक्यावर टाकल्या. तवाच कळलं." नि दादा हसला. हसू नको, हसू नको म्हणत आम्हीही हसलो.

सूज उतरली. टाके टिकले. दुसऱ्या डोळ्याला मात्र डॉक्टरांनी हात लावला नाही, किडनीला पुन्हा धक्का नको म्हणाले. जाड काचेच्या चष्म्यातून एका डोळ्यानं दादानं पुढची आठ-नऊ वर्षं पाहिली. माझं लग्नही पाहिलं. ते ठरवायच्या बैठकींत आईनं स्वतःहून सगळं सांगितलं, आत्याच्या देखत. एक स्थळ उठून गेलं, दुसरं राहिलं.

आता लेकीच्या मुलाला तपासायला नेतो. डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला?" मी आईच्या मामापासून सुरू करते. बिचारा लिहून लिहून दमतो.