आंकेच्या बाबांच्या तळघरातली काडतुसं

मंडळी, आज दुपारी आंके तळघराच्या दारात येऊन म्हणाली, "मी मार्कुसबरोबर म्युनिकला राहायला जातेय," आणि तिथेच माझं सगळं बदललं.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून दर शनिवारी मी तिच्या बाबांना शिकारीची काडतुसं भरायला मदत करायचो. परवाना त्यांचा, हौस त्यांची. मी जायचो तिच्यासाठी. त्यांचा एकच नियम होता: कोणी बोललं की हात थांबवायचा, नाहीतर एखाद्यात बंदुकीची दारू दोनदा पडते आणि बंदूकच फुटते.

मी थांबलो नाही. रागाच्या भरात भरतच राहिलो.

ती वर गेल्यावर बाबांनी विचारलं, "कुठल्यात दोनदा पडली?"

"माहीत नाही! पडलीच असेल तर एखाद्यात."

"गेनाऊ, अगदी बरोबर, एखाद्यात. आणि उद्या, जायच्या आधीच्या शेवटच्या शिकारीला, बंदूक आंकेच्या हातात असणार, गालाला टेकवलेली."

ते एकेक काडतूस उघडून रिकामं करायला लागले. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "तू नको. घरी जा."

एवढा जीव होता तिच्यावर, तर माझा हात थांबला का नाही? तुमचा थांबला असता?

वर ती बॅगा भरत होती. तिला काही न सांगता मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.